वेशीवरचा बांबू

एप्रिल 2020 च्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावाच्या वेशीवर बांबू आडवा पडला. दोन बाजूंना जांभ्याचे चिरे रचून त्यांवर तो टेकवला होता आणि मधोमध सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता. ‘गावबंदी. बाहेरच्या व्यक्तीने प्रवेश करू नये.’ पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं होतं. कोरोनाच्या साथीसाठी नेमलेल्या ग्राम कृती दलात माझं नाव घातलं होतं आणि माझं अक्षर बरं, एवढ्यावरून मार्कर माझ्या हातात आला होता. त्या रात्री आम्ही सहासात जण बांबूपाशी बसलो होतो. एका पोराने विचारलं, ‘आपलाच माणूस मुंबईहून आला तर तो बाहेरचा का आतला?’ थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक जाणते गृहस्थ म्हणाले, ‘हे बघ, ह्यात राजकारन नको.’ विषय तिथेच मिटला.

हे वाक्य मी पुढची दोन वर्षं इतक्या ठिकाणी ऐकलं की मोजदाद राहिली नाही. रेशनच्या रांगेत ऐकलं, आरोग्य केंद्राच्या ओट्यावर ऐकलं, मयताच्या घरी ऐकलं. पुढाऱ्यांच्या तोंडून तर हमखास ऐकलं. म्हणणाऱ्यांची मनं चांगली होती, यात मला शंका नाही. गावात आधीच पक्षांची भांडणं, भावकीची भांडणं, बांधाची भांडणं. निदान आजारात तरी ती नकोत, एवढाच त्यांचा भाव होता. तरीही आज मागे वळून बघताना मला वाटतं की साथीच्या काळात आपल्या माणुसकीचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं विषाणूने केलेलं नाही. ते या वाक्याच्या आडोशाने झालं. कारण राजकारण म्हणजे फक्त झेंडे आणि मतं नव्हेत. कुणी ठरवायचं, कुणाच्या वतीने ठरवायचं, कुणाला वगळायचं आणि नंतर त्याचा जाब कुणी द्यायचा, हे सगळं राजकारणच आहे. आम्ही ते सगळं त्या बांबूपाशी बसून केलं, आणि वर त्याला राजकारण म्हणायचं नाही असंही ठरवलं.

त्या बांबूमागे काय काय होतं, ते नीट सांगायला हवं.

आमचा संगमेश्वर तालुका पिढ्यान्पिढ्या मुंबईवर जगत आला आहे. भात पिकतं ते चार महिने पुरेल एवढं. आंबा-काजू ज्याच्या कातळावर लागला त्याचा. बाकी घर चालतं ते मुंबईहून येणाऱ्या पैशावर, आधी मनिऑर्डरच्या आणि आता मोबाइलवरून येणाऱ्या. म्हणून प्रत्येक वाडीचं एक मुंबई मंडळ असतं. पूर्वी ते लालबाग-परळच्या चाळीत भरायचं, आता दिवा-नालासोपाऱ्याकडे भरतं. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडपाची लादी, नमनाच्या पोशाखाचा खर्च, शिमग्यात पालखी कोणत्या दिवशी कुणाच्या अंगणात जाणार, हे सगळं पुष्कळ वाड्यांत मुंबईत ठरतं. गावातल्या माणसाने पालखी खांद्यावर घ्यायची, तारीख मात्र मुंबईने कळवायची. पैसा त्यांचा, म्हणून शब्द त्यांचा. गावात राहिलेल्यांच्या मनात याची एक जुनी सल असते. ‘गावाला राहिला’ म्हणजे काही जमलं नाही म्हणून राहिला, असा अर्थ मुंबईकर काढतात आणि गाववाला तो निमूट गिळतो.

2020 च्या उन्हाळ्यात हे उलटं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच गावात राहणारा माणूस वेशीच्या आतल्या बाजूला उभा होता आणि मुंबईकर बाहेरच्या. लॉकडाऊनचा पहिला दिवस 25 मार्च, नेमका गुढीपाडव्याचा. त्याआधी पंधरवडाभर शिमग्यासाठी आलेले चाकरमानी मुंबईला परतून दहा बाय दहाच्या खोल्यांत अडकले होते, जिथे संडासाला जायचं तरी अख्ख्या मजल्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. एप्रिलअखेर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते, आणि मुंबईत आकडे रोज वाढत होते. माणसं तिथून निघाली ती जीव मुठीत धरून. काही जण कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले. मे महिन्यात कशेडी घाटातल्या तपासणी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. उन्हात, पोरांना घेऊन, ई-पासचा कागद हातात धरून माणसं तासन्‌तास उभी होती.

आणि गावातून फोन जात होते, ‘येऊ नका.’ कुणी आईवडिलांना घरी येऊन सांगत होतं, ‘पोराला सांगा, आला तर तुमचंही पाणी बंद.’ भीती खरी होती. गावात म्हातारी माणसं जास्त, डॉक्टर लांब, घशातला नमुना तपासायला सुरुवातीला मिरजेला जायचा आणि निकाल येईपर्यंत जिवाला घोर. पण त्या फोनवरच्या आवाजात भीतीबरोबर दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तो जुना हिशोब होता. मंडळाच्या बैठकीत ज्यांचं कधी ऐकलं गेलं नाही, ते आता ऐकवत होते. गाव आणि मुंबई यांच्यातला हा पैशाचा आणि मानाचा व्यवहार आम्ही कधी उघडपणे बोलून मिटवला असता, तर त्या मे महिन्यात तो रोगाचं सोंग घेऊन वेशीवर उभा राहिला नसता. पण उघडपणे बोलणं म्हणजे राजकारण, आणि राजकारण तर नकोच.

आमच्या शाळेच्या तिसरीच्या वर्गात एक कुटुंब चौदा दिवस ठेवलं होतं. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती, खाली ‘एकूण पट’ आणि ‘हजर’ असं लिहिलेलं. बाक एका भिंतीला रचून ठेवले होते. मे महिना असल्यामुळे शाळेच्या टाकीला पाणी नव्हतं. आमच्या तालुक्यात पाऊस धो धो पडतो आणि मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण ते तसंच आहे. पाण्याच्या दोन कळशा फाटकाशी ठेवल्या जायच्या आणि ठेवणारा मागे सरून उभा राहायचा. त्या माणसाचं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. त्याची आई रोज संध्याकाळी गडग्यापाशी यायची. फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुकटाची चटणी गडग्यावर ठेवायची आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहायची. मुलगा येऊन फडकं उचलायचा. दोघं लांबूनच बोलायचे, बहुतेक गुरांविषयी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी मला म्हणाली, ‘माझ्या घराला दोन दारं हायत. पडवीचं दार त्याला दिलं असतं, मी माजघरात राह्यली असती. कुणी इचारलंच न्हाय.’

खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात गावातल्या एका वजनदार घरचे तिघे आले आणि त्यांना स्वतःच्या माडीवर राहायची मुभा मिळाली. वेगळा जिना आहे, असं कारण सांगण्यात आलं. वेगळा जिना होता हे खरं. पण पडवीला वेगळं दार असतं हेही तितकंच खरं. कृती दलाच्या त्या बैठकीत मी होतो. मी काही बोललो नाही, आणि मी न बोलण्याचं कारण माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं. बोललो असतो तर ‘हा राजकारण करतोय’ असं झालं असतं.

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि आमच्यासारखे चार-दोन जण, अशी ती समिती. आम्ही माणसांना आत घेत होतो, बाहेर ठेवत होतो, कोंडून ठेवत होतो. एवढा मोठा अधिकार आमच्या गावातल्या कुठल्याही समितीला याआधी कधी मिळालेला नव्हता. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यापासून बरेच महिने ग्रामसभा बंद होत्या. लग्नाला पन्नास माणसं जमू शकत होती, मयताला वीस. पण ज्या सभेत गावाने आपल्या समितीला चार शब्द विचारायचे, ती सभा धोक्याची ठरली. आमच्याकडे मोठं मैदान आहे, देवळापुढे सहाण आहे. अंतर ठेवून दोनशे माणसं सहज बसली असती. पण ग्रामसभा नसल्याची खंत मी गावात कुणाच्याही तोंडून ऐकली नाही. उलट सुटकेचा भाव होता.

साथ आणि राजकारण यांचा संबंध नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हाही चाकरमानी गावाकडे धावले होते. 4 फेब्रुवारी 1897 रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल तो नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे संरक्षण. ज्याच्यावर हे सगळं लागू व्हायचं त्या माणसाच्या हक्कांविषयी त्यात एक शब्द नाही. 13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा. आमच्या बांबूचा वंश शोधायला गेलं तर तो तिथपर्यंत पोचतो.

पुण्यात त्या कायद्याखाली घराघरांत शिरून झडत्या झाल्या, आणि 22 जून 1897 ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेत शिकतो. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हेही शिकतो. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या, हे अलीकडे थोडं जास्त सांगितलं जातं आणि ते बरं आहे. पण मला या संदर्भात चौथं माणूस आठवतं. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. 1897 मध्ये ते वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांत सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची तक्रार केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रं लिहिणारी माणसं पुढे येईनात. गोखल्यांनी आपलं विधान जाहीरपणे मागे घेतलं आणि माफी मागितली. देशभर त्यांच्यावर टीका झाली, आणि ती आजतागायत थांबलेली नाही. पण नंतर हे गृहस्थ प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले.

मला यात कमीपणा दिसत नाही. सत्तेला भर सभेत प्रश्न विचारायचा, आपलं विधान सिद्ध करता आलं नाही तर तेही चारचौघांत कबूल करायचं आणि मग रोग्यांच्या मदतीला जायचं, हे मला राजकारणाचं फार वरच्या दर्जाचं रूप वाटतं. त्यात जबाबदारी टाळायला एकही फट राहत नाही. गोखल्यांना पत्रं लिहून ऐन वेळी गप्प बसलेली माणसं मला जास्त ओळखीची वाटतात. कृती दलाच्या बैठकीत मी त्यांच्यातलाच एक होतो.

2020 च्या गणपतीला हा प्रश्न सबंध कोकणाचा झाला. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. सरकारने सांगितलं की 12 ऑगस्टपर्यंत या, दहा दिवस विलगीकरणात राहा. त्यानंतर येणार असाल तर आधी तपासणी करून या. एसटीने येणाऱ्याला ई-पास लागणार नाही. काही गावांनी मात्र चौदा दिवसांचा हट्ट धरला, दंडाची भाषा केली. नियम कुणाचा चालणार, राज्याचा की गावाचा? हा प्रश्न घटनेचा आहे आणि तो पाटावर बसलेल्या गणपतीपुढे, आरतीच्या आधी, घराघरांत चर्चिला गेला. त्या चर्चा मी ऐकल्या आहेत. त्या चांगल्या होत्या. दोन्ही बाजूंनी मुद्दे होते. म्हातारी माणसंही बोलत होती आणि मुंबईच्या सुनाही. मला तेव्हा वाटलं होतं की हेच देवळात, सगळ्यांसमोर झालं तर काय हरकत आहे? पण घरात जे बोलणं चाललं होतं ते उंबरठ्याच्या बाहेर आलं नाही.

2021 चा शिमगा आला तेव्हा पालखी घरोघर न्यायची की नाही यावर दोन तट पडले. शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने कौल लावला, देवीने पालखी सहाणेवरच ठेवायची असं सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. माझी देवीवर श्रद्धा आहे, आणि त्या निर्णयाने गावातली काही माणसं वाचली असतील असंही मी मानतो. मला एवढंच सांगायचं आहे की तोही निर्णय आम्ही असा घेतला की उद्या कुणावर बोट दाखवता येऊ नये. एखाद्या माणसाने उभं राहून ‘पालखी नको, माझ्या आईला दमा आहे’ असं म्हटलं असतं तर त्याचंही ऐकायला हवं होतं.

त्याआधी, जानेवारीत, ग्रामपंचायतींच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. राज्यात सुमारे 14 हजार ग्रामपंचायती, मतदान 15 जानेवारी 2021 ला. आदल्या दिवशी संक्रांत. त्या दिवशी मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न लागतं आणि एरवी सह्याद्रीच्या त्या कपारीत माणसांचा पूर लोटतो. त्या वर्षी मोजक्या मानकऱ्यांत विधी झाले. देवाच्या लग्नाला मर्यादा आणि मतदानाला रांगा, यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला त्या रांगा खटकल्या नाहीत. मला खटकलं ते पुढचं. ज्या निवडणुकीच्या आधी दहा महिने गावाने आपल्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ काढला होता, त्या निवडणुकीत आमच्या भागात प्रचाराचा विषय पाखाडी, विहिरीचा कठडा आणि सोलर दिवा हाच होता. विलगीकरणाचा खर्च कुणी केला, कुणाला शाळेत ठेवलं आणि कुणाला माडीवर, उपकेंद्रात परिचारिका किती दिवस होती, हे एकाही उमेदवाराने काढलं नाही आणि एकाही मतदाराने विचारलं नाही. शेजारच्या काही गावांत निवडणूक बिनविरोध झाली, तिथे हारतुरे घेऊन फोटो निघाले. ‘गावात राजकारण नाही’ हा आपल्याकडे गौरव समजला जातो. बिनविरोध गावात ज्याचा विरोध असतो तो माणूस कुठे जातो, हा प्रश्न मला त्या फोटोंकडे बघताना नेहमी पडतो.

मग दुसरी लाट आली. एप्रिल 2021 मध्ये टीव्हीवर ऑक्सिजन, रेमडेसिविर आणि लशींवरून केंद्र आणि राज्य यांची जुंपली होती. आमच्याकडे माणसं चॅनेल बदलत होती. ‘माणसं मरतायत आणि हे राजकारण करतायत’ हा संताप मला पूर्ण समजतो. माझ्या घरीही तो होता. पण संताप आवाजावर झाला, प्रश्नावर नाही. लस कुणी विकत घ्यायची, कुणाला आधी द्यायची, ऑक्सिजनचा कोटा कोण ठरवतो, याची उत्तरं ऐकायला आम्ही थांबलोच नाही. भांडणाऱ्यांना तेच हवं असतं.

जून 2021 मध्ये संगमेश्वर हे नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. एरवी ते झळकतं छत्रपती संभाजी महाराजांच्या आठवणीने. 1689 मध्ये कसब्याला त्यांना पकडलं गेलं. या वेळी ते झळकलं कोरोनाच्या डेल्टा प्लस या प्रकारामुळे. राज्यातून सुमारे साडेसात हजार नमुने जनुकीय तपासणीसाठी गेले होते, त्यात 21 डेल्टा प्लस निघाले आणि त्यांतले 9 रत्नागिरी जिल्ह्यातले. महाराष्ट्रातला या प्रकाराचा पहिला मृत्यू आमच्या तालुक्यातला, 80 वर्षांच्या एका आजींचा, 13 जूनला. त्या आठवड्यात मला नाशिकहून, बडोद्याहून, एका नातेवाइकाचा तर मस्कतहून फोन आला. ‘तुमच्याकडे नवीनच काहीतरी निघालंय म्हणे!’

निघालं होतं कारण शोधलं होतं. ज्या जिल्ह्याने नमुने पाठवले, ज्या गावांतल्या माणसांनी घशात काडी घालू दिली, त्यांची नावं आली. पण बाजारात चर्चा अशी की त्या गावांनीच काहीतरी केलं असणार. तिथल्या माणसांना दुकानदार लांबूनच सुटे पैसे टाकायला सांगत होते. याचा परिणाम काय व्हायचा तो झालाच. पुढच्या पंधरवड्यात ताप आलेली माणसं घरातच काढा घेऊन पडून राहिली. तपासायला गेलं तर गावाचं नाव खराब होईल, हे कारण मला तिघांनी वेगवेगळ्या वाड्यांत सांगितलं. दोष शोधायचा तर तो जवळच्या आणि दुबळ्या माणसात शोधायचा, ही सवय आम्हाला वेशीवरच्या बांबूने लावली होती.

त्याच महिन्यात, 15 जूनपासून, राज्यातल्या आशा सेविका संपावर गेल्या. सव्वा वर्ष त्या घरोघर फिरल्या होत्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आमच्या आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन चढणीच्या वाड्यांपर्यंत चालत गेल्या. माणसं दारं लावून घेत, कुत्री सोडत. त्यांच्या स्वतःच्या मुलाला वाडीतली पोरं खेळायला घेत नसत. केंद्राकडून कोविडच्या कामासाठी त्यांना मिळत होते महिना हजार रुपये. म्हणजे दिवसाला तेहेतीस. संपाची बातमी आली तेव्हा आमच्या नाक्यावर काय प्रतिक्रिया उमटली असेल? ‘आत्ताच बरा संप सुचला. ह्यात राजकारन आहे.’

होतंच राजकारण. आणि माझ्या मते त्या सबंध काळात आमच्या तालुक्यात झालेलं सगळ्यात स्वच्छ राजकारण तेच होतं. आम्ही किती काम केलं, आमचा जीव किती धोक्यात घातला आणि त्याची किंमत तुम्ही किती केलीत, हे त्या बायका भर रस्त्यात, स्वतःच्या नावाने विचारत होत्या. आठवडाभराने मानधनात थोडी वाढ मिळाली. आमच्या गावातून त्यांच्या बाजूने एकही पत्र गेलं नाही. मी लिहू शकलो असतो. अक्षर बरं आहे माझं.

इथे कुणी म्हणेल की राजकारण वाढलं असतं तर गावं आणखी फुटली असती. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पक्षाच्या पायी भावाभावांत अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. पण केरळकडे बघा. तिथे पक्षांची चुरस आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे, आणि आपल्या चाकरमान्यांसारखेच तिथे आखाती देशांतून परतणारे लाखो. 1996 पासून तिथल्या लोकनियोजनात प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या हाती आली. साथीत तिथल्या वॉर्ड समित्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, परतलेल्यांची यादी ठेवली. तिथेही रोग पसरला, तिथेही माणसांना हिणवलं गेलं; पण तिथल्या माणसाला निदान ठाऊक होतं की आरोग्य केंद्रात औषध नसेल तर कुणाच्या दारात जायचं. आमच्याकडे हे शंभरातल्या पाच जणांना तरी माहीत असेल का? प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छतेची एक समिती असते, तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी मिळण्याची तरतूद आहे. आमच्या गावच्या समितीचे सदस्य कोण, हे मी 2022 मध्ये विचारायला गेलो. यादीत एक नाव चार वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचं होतं.

आणि मग ‘राजकारण नको’ ही इच्छा खरोखरच पूर्ण झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं चालवते जिल्हा परिषद. रत्नागिरी जिल्हा परिषदेची आणि देवरुखला बसणाऱ्या आमच्या पंचायत समितीची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा यांत वर्षं गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला, तेव्हाही त्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे शतकातल्या सगळ्यात मोठ्या साथीनंतर, जेव्हा आरोग्य केंद्रांचा हिशोब मागायचा होता, तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ तो ज्याच्याकडे मागायचा असा निवडून दिलेला माणूसच जिल्ह्यात नव्हता. यावर तालुक्यात मोर्चा निघाल्याचं मी पाहिलं नाही. चहाच्या टपरीवर एक जण मला म्हणाला, ‘बरं चाललंय की, भांडणं नाहीत.’ त्याच टपरीपासून दहा मिनिटांवरच्या उपकेंद्राला तेव्हा दोन महिने कुलूप होतं.

शाळेत राहिलेल्या त्या माणसाची मुंबईतली नोकरी गेली. तो आता गावातच आहे, आईच्या पडवीत त्याचं किराणा दुकान आहे. परवा त्याच्याकडे साबण घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला इतक्या वर्षांनी विचारलं की तेव्हा आमचा राग आला होता का. तो सुटे पैसे मोजत होता. म्हणाला, ‘राग नाही आला. पण कोणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.’

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विषय आधी लेखी द्यावा लागतो. पुढच्या सभेसाठी मी दिला आहे. 2020-21 मध्ये ग्राम कृती दलाने कुणाला कुठे ठेवलं आणि त्यावर किती खर्च झाला, त्याची नोंद वाचून दाखवावी. उपकेंद्रात मंजूर पदं किती आणि आज भरलेली किती, ते सांगावं. आरोग्य समितीवर हयात माणसं नेमावीत. खाली माझी सही आहे आणि तिच्या शेजारी त्या दुकानदाराची. त्याच्या आईनेही अंगठा उठवला आहे. अर्ज घेताना कार्यालयातल्या माणसाने तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘आता ह्यात राजकारण कशाला आणता?’ मी म्हटलं, पोच द्या. त्याने शिक्का मारून दिला.